शंभरात नऊ राते

नवखारात भाताचं बियाणं कुणा एका घरचं नसे. कळव्याच्या पुढे, खाडीला अगदी बिलगून बसलेला तो चाळीस घरांचा आगरी पाडा. समुद्राला मागे रेटून, बांध घालून, मिठाच्या तोंडातून ओढून काढलेली जमीन. तिला खार म्हणत. शिमगा सरला की पाचव्या दिवशी घराघरातून एकेक टोपली बियाणं गावदेवीच्या अंगणात येई आणि बांबूच्या तट्ट्यावर ओतलं जाई. धोंडीबा म्हातारा लाकडी फावड्यानं ती रास सात वेळा उलथी करी. काठाचं मध्ये, तळाचं माथ्यावर. मग ज्यानं त्यानं आपली टोपली भरून न्यायची. कुणाचा दाणा कुणाच्या खाचरात उगवला हे प्रत्यक्ष गावदेवीलाही सांगता आलं नसतं.

टोपल्या भरण्याआधी एक ओंजळ भात उखळात जाई. कांडून झालेले शंभर दाणे धोंडीबा पळसाच्या दोन पानांवर मांडी, पांढरे इथे, राते तिथे. राता म्हणजे लाल कांतीचा तांदूळ, आखूड, जाडा, खारं पाणी पिऊनही उभा राहणारा. शंभरात वीस राते निघत. एखाद्या साली अठरा, एखाद्या साली बावीस, पण फिरून वीस. धोंडीबाच्या आज्यानंही वीसच मोजले होते म्हणत. माणसं जन्मली, मेली, ठाण्याच्या खाडीवर पूल झाला, आगगाडी धूर ओकत जाऊ लागली त्यालाही वीसबावीस वर्षं झाली. राते मात्र आपले होते तिथेच.

त्या शिमग्याला धोंडीबानं एकवीस मोजले, आणि काळुरामनं रात्यांचं पान लाथेनं उडवलं.

"मोजतंस काय, धोंडीबा? रोग मोजतंस काय?"

दाणे अंगणभर सांडले. बायका पदर सावरून मागे सरल्या. काळुराम पाड्याचा पुढारी, खाचरं सगळ्यात आतली, गोड्या मातीची. त्याचा राग कुठून आला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. माघात त्यानं लेक डोंबिवलीकडे दिली. लग्नाच्या पंक्तीत व्याह्यांनी भाताची मूद बोटानं उकलली, लाल शितं वेचून पानाच्या कडेला लावली आणि हसत विचारलं, "व्याही, तांदूळ कांडताना कुणाचं बोट चेचलं काय?" पंगत खदखदून हसली. काळुराम वाढत होता. त्याच्या हातातलं पातेलं तेव्हापासून जणू खाली ठेवलंच गेलं नव्हतं.

"ह्ये राते येतान कुठनं, ह्ये सगल्यांना ठावं हाय," तो म्हणाला आणि गर्दीतून नेमकी सगुणा हुडकून तिच्याकडे बघू लागला.

सगुणा त्याच्या मेलेल्या चुलतभावाची बायको. चाळिशीची, काटक, एकटी. एकुलती लेक मालन शहाडला नांदत होती. सगुणाची तीन खाचरं पाड्याच्या शेवटाला, बाहेरच्या बांधाच्या अगदी पोटाशी. उधाणाला खाडीचं पाणी बांधातून पाझरे, आणि तिच्या पिकात निम्मे राते निघत.

"वयनी, तुजी टोपली या वर्सापासून रासेत नाय पडायची."

"का रं? माजी टोपली काय रांडवी झाली माज्यासारखी?"

कुणीतरी हसलं. काळुराम हसला नाही.

"तू गावाच्या दुधान मीठ टाकतंस. दर वर्सी. आमी पांढरं ओततू, तू लाल ओततंस, आन घरी जाताना पांढरं भरून नेतंस."

"फावडं धोंडीबाच्या हातान. मी काय निवडून नेतंय?"

"नेतंस का नाय नेत, मला ठावं नाय. रास तुजी तुला. बांधबी तुजा तुला."

नवखारात रीत अशी की ज्याची टोपली रासेत, त्याच्या बांधावर गावाचे हात. रास झाली की दुसऱ्या दिवशी सगळा पाडा चिखलाची ढेकळं डोक्यावर घेऊन बांधाला लागे. पावसाच्या आत बांध चढला नाही तर श्रावणातल्या उधाणात खांड पडते, आणि एकदा खांड पडली की जमीन समुद्राची. एकट्या बाईनं शंभर हात लांब बांध राखायचा म्हणजे पाण्याला पदर आडवा धरायचा. रासेतून काढणं म्हणजे जमिनीतून काढणं, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

सगुणानं धोंडीबाकडे पाहिलं. म्हातारा खाली वाकून सांडलेले राते एकेक वेचत होता. त्यानं मान वर केली नाही.

तिचं डोकं सणकलं. "माजे राते काढल्यावर तुजी रास पांढरी व्हईल?"

"दुधावानी."

"एकबी राता नाय ऱ्हानार?"

"एकबी नाय."

"मग तीन रासा घे. तिसऱ्या रासेला शंभरात एकबी राता नाय निघाला, तर माजी तिन्ही खाचरं गावाची. मी शहाडला लेकीच्या दारान जाऊन बसतंय. पन एक, नुसता एक निघाला, तर माजी टोपली पयली ओतायची, आन माज्या बांधाची माती तुज्या डोक्यावरनं यील."

"कबूल," काळुराम म्हणाला. देवीसमोर बोललेलं होतं ते. आता ते कुणालाच गिळता येणार नव्हतं.

ती आपली टोपली जशी आणली तशी कमरेवर घेऊन परत निघाली. वाटेत काळुरामची बायको रतन आडवी आली. "जपून जा गो," ती गोड आवाजात म्हणाली. "सांडशील आमच्या वाटंवर. उगवंल मेलं."

*

त्या उन्हाळ्यात सगुणा एकटीनं बांधाला लागली. मालन आठ दिवस येऊन गेली, तेवढाच दुसरा हात. सकाळी ओहोटी लागली की तिवरांच्या पायथ्याशी उतरायचं, काळा चिखल कापायचा, ढेकूळ डोक्यावर घ्यायचं, बांध चढायचा, आपटून बसवायचं, पायानं दाबायचं. पलीकडच्या बांधांवर सगळा पाडा ओळीनं काम करी. ढेकळं हातोहात पुढे सरकत, बायकांच्या हसण्याचे आवाज वाऱ्यावर येत. तिच्या हद्दीशी आले की हात थांबत. शेवटचं ढेकूळ नेमकं हद्दीच्या खुंटाशी बसे, त्याच्यापुढे बोटभरही नाही. सगुणा स्वतःशीच गुणगुणे:

काली माती, खारी माती, पायी झोंबतंय मीठ गो
एकलीच्या डोक्यावरती बांध बसंल नीट गो
दर्या मोठा, दर्या खोटा, दारी घालतो फेरी गो
माज्या घरची वाट त्याला कोनी दावली बैरी गो

बांधावर उभं राहिलं की सगळी खार एका नजरेत येई. वर्षानुवर्षं चिखलात वाकलेल्या माणसाला जे दिसत नाही ते तिला आता एकटीला दिसू लागलं. रासेतून भरून आणलेलं बियाणं मुळात सारखंच. दर शंभरात वीस राते, सगळ्यांच्या टोपलीत. पण तिच्या खाचरात खारं पाणी पांढऱ्याला जाळी आणि राता टिके, म्हणून सुगीला तिथे राते निम्म्यावर जात. काळुरामच्या गोड्या मातीत उलटं. तिथे पांढरा फोफावे, आणि राता, ज्याला कापणीच्या आधीच दाणे गाळायची खोड, मागे पडे. तिच्याकडे राता चढायचा, त्याच्याकडे उतरायचा. शिमग्याला दोन्ही एका तट्ट्यावर आले, धोंडीबाचं फावडं फिरलं, की चढलेलं आणि उतरलेलं एकमेकांत मिसळून पुन्हा वीस. वीस हा आकडा कुणी ठरवला नव्हता. खाडी एका अंगानं ओढत होती आणि गोडी माती दुसऱ्या अंगानं, आणि रास मधोमध तोलून उभी होती.

आता काळुरामनं एका अंगाचा दोर कापला होता.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. विचारायला कुणी आलंच नाही. पाणवठ्यावर ती गेली की घागरी उचलल्या जात.

पहिल्या वर्षी काळुराम सुगीला प्रत्येकाच्या खाचरात फिरला. काळ्या टरफलाची लोंबी दिसली की ती राती, हे पोरांनाही ठाऊक. त्यानं बायकांकडून काळी लोंबी न् लोंबी खुडून घेतली आणि खळ्यावर जाळली. शिमग्याला देवीच्या अंगणात धोंडीबानं मोजलं. सगुणा कुडाबाहेर उभी होती. आत यायची तिला बंदी होती, ऐकायची नव्हती.

"बारा," धोंडीबा म्हणाला.

अंगणात गजर झाला. रतननं कुडावरून वाकून विचारलं, "कानान पडलं ना गो? का आनखी मोठ्यान सांगू?"

"मला येक झाला तरी पुरं, रतन. तुमाला बाराच्या बारा काढायचे हायेत."

दुसऱ्या वर्षी काळुरामनं लोंब्या दोनदा तपासल्या. काळं टरफल औषधालाही उरलं नाही. शिमग्याला धोंडीबानं मोजलं आणि नऊवर थांबला.

या वेळी गजर झाला नाही. काळुराम पळसाच्या पानावर वाकला आणि त्या नऊ लाल दाण्यांकडे असा बघू लागला की जणू ते त्याला बोट दाखवून हसत होते.

"कोन टाकतंय?" तो ओरडला. "मी येकबी काला ठेवला नाय. कोन टाकतंय राते रासेत?"

साऱ्यांच्या माना कुडाकडे वळल्या. सगुणाच्या दिशेनं एक ढेकूळ आलं, खांद्यावर फुटलं. तिनं माती झटकली.

"कालूभावजी," ती कुडाबाहेरूनच बोलली, "टरफल काला म्हंजी आतला राता, ह्ये खरं. पन टरफल पिवला म्हंजी आतला पांढरा, असं तुला कोनी सांगितलं? निम्मे राते पिवलंच नेसून फिरतान."

"मग उघडून बघीन!"

"बघ ना. टरफल काढलंस म्हंजी तांदूल झाला. तांदूल पेरतंस काय? बघितलेला पेरता येत नाय, आन पेरायचा तो बघता येत नाय."

तिला पुढचंही ठाऊक होतं. एका लोंबीतले दाणे एका आईची लेकरं; चार उघडले की बाकीच्यांचा रंग कळतो, लोंबी ठेवायची की टाकायची ते ठरवता येतं. आणि तेवढं करूनही पांढऱ्या लोंबीच्या पोटी एखाद्या साली राता निपजतो, कारण भात फुलोऱ्यात असताना शेजारच्या लोंबीचा पराग वाऱ्यानं कधीमधी इकडे येतोच. पण खांद्यावर अजून ओली माती होती. ती गप्प राहिली. काळुरामला तिनं ते शिकवलं असतं तर राते नऊवरून तीनावर आले असते, आणि तीनावरून शून्यावर आले की तिची खाचरं गेली असती. तिला कुणाची दया यायचं काही कारण नव्हतं.

तिच्या स्वतःच्या खाचरांत या दोन वर्षांत आतली गोडी माती मिसळायची थांबली होती. तिथे राते निम्म्यावरून सत्तरावर गेले, मग ऐंशीवर.

*

तिसऱ्या सुगीनंतर काळुरामनं नवाच हुकूम काढला. बियाणं कुणी घरी ठेवायचं नाही. सगळ्यांनी त्याच्या माळ्यावरच्या कणग्यात आणून ओतायचं. तो शिमग्यापर्यंत सूप घेऊन बसेल, एकेक दाणा डोळ्याखालून घालेल. लोकांनी आणून ओतलं. नऊ रात्यांची त्यांनाही आता लाज वाटू लागली होती. त्या पौषात काळुरामची बैलगाडी दोनदा डोंबिवलीला गेली. लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. कुणी काही विचारलं नाही.

शिमग्याच्या पाचव्या दिवशी अंगण भरलं. खारेगावातनं, मुंब्र्याकडनं सोयरे बघायला आले होते. सगुणा या वेळी कुडाच्या आत उभी राहिली; पैजेचा दिवस होता, तो तिचा हक्क होता. तिच्याभोवती चार हात मोकळी जागा राहिली. मागच्या श्रावणात उधाणानं तिचा बांध दोन जागी फोडला होता. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं तो मातीची पोती आणि घराचं दार टाकून बुजवला. या वर्षी गावाचे हात लागले नाहीत तर तो पुढचा श्रावण बघणार नव्हता. पैज हरो वा न हरो, तिला आज निकाल हवा होता.

काळुरामच्या घरून टोपल्या आल्या. तट्ट्यावर रास पडली. फावडं सात वेळा फिरलं. ओंजळ उखळात गेली, मुसळाचे ठोके पडले, सूप फडफडलं. धोंडीबा पानांशी बसला. त्याचं बोट चालत राहिलं आणि एकच पान भरत गेलं.

शंभर झाले. दुसरं पान हिरवंगार, रिकामं.

"नाय," धोंडीबा म्हणाला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं होतं. "येकबी नाय."

अंगण फुटलं. कुणी ढोल बडवला. रतननं काळुरामच्या कपाळाला गुलाल फासला. काळुराम हसत नव्हता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "वयनी," तो म्हणाला, "पावसाच्या आत घर खाली कर."

सगुणा रासेशी गेली. कुणी तरी ओरडलं, "ए, हात लावू नको!" तोवर तिनं मूठ भरली होती. तिनं दाणे तळव्यावर पसरले. लांब, निमुळते, अंगाला गुळगुळीत. खारेतल्या भाताला शेंड्याला कुसळ असतं, बोटाला टोचतं. इथे कुसळाचा मागमूस नव्हता. ती जन्मभर ज्या बियाण्यात वाकली होती त्यातला एक दाणाही त्या मुठीत नव्हता.

बोलायचं नाही, असं एकदा तिच्या मनात आलंसुद्धा. घेऊन जाऊ दे टोपल्या. पेरू दे. ज्येष्ठात मोड येतील, आषाढात खारं पाणी चढेल, आणि चाळीस घरांच्या खाचरात नुसता चिखल राहील. तेव्हा रतन कुडावरून वाकून काय विचारते ते बघायला ती शहाडहून चालत आली असती.

पण खाचरं गेली असती, आणि ती तिला हवी होती.

"धोंडीबा," ती म्हणाली, "ह्यी आपली रास नाय."

"हरल्यावर असंच बोलतान!" रतन किंचाळली.

"कुसल दाव मला. येक कुसल दाव, मी आत्ता निघतंय."

धोंडीबानं मूठ घेतली, डोळ्यापाशी नेली, दाणा दातांत धरला. मग तो हळूच खाली बसला. पण गर्दीला आता ऐकायचं नव्हतं. तीन वर्षांत लोक तिच्या विरुद्ध इतके पुढे गेले होते की त्यांना मागे सरायला जागाच उरली नव्हती. कुणी म्हणालं निवडून निवडून दाणा सुधारला. कुणी म्हणालं बाई करणी करते. खारेगावचा एक सोयरा तिच्या अंगावर धावून गेला.

"थांबा," धोंडीबा म्हणाला. त्याचा आवाज फार वर चढला नाही, पण तीन वर्षांत तो पहिल्यांदाच चढला होता. "देवीम्होरं बोललेली पैज. निकाल देवीम्होरंच व्हईल. दोन परल आना."

मातीचे दोन पसरट परळ आले. दोन्हीत सगुणाच्या बांधाखालचा चिखल भरला, विहिरीच्या पाण्यात खाडीचं पाणी कालवून घातलं. एकात रासेचं मोड आणलेलं बियाणं, दुसऱ्यात सगुणाचं. परळ देवळात, देवीच्या पायाशी. किल्ली धोंडीबाकडे, आणि ओट्यावर पाळीपाळीनं दोन्ही बाजूंची माणसं बसून.

आठ दिवस पाडा तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिच्या अंगणातली तुळस कुणीतरी उपटून टाकली.

नवव्या सकाळी दार उघडलं. सगुणाच्या परळात हिरवे कोंब उभे होते; शेंडे थोडे करपलेले, पण उभे. रासेच्या परळात कोंब आले होते आणि आडवे पडले होते, पिवळे, ओल्या दोऱ्यांसारखे. धोंडीबानं दोन्ही परळ दारात आणून ठेवले आणि बाजूला झाला.

लोक परळांवर वाकले. मग एकेकानं काळुरामकडे बघायला सुरुवात केली.

"आमचं कुठं हाय?" कुणी तरी हलक्या आवाजात विचारलं. "आमी ओतलेलं कुठं हाय, कालूराम?"

काळुराम देवळाच्या खांबाला टेकला होता. "दिलं," तो म्हणाला. "व्याह्यांना. त्यांचं पांढरं घेतलं. बी ते बी, मला वाटलं... जमीन आता गोडी झाली हाय, वाटलं." मग एकाएकी त्याचा आवाज फाटला. "मी घरी मोजलं व्हतं. पौषान. चारदा मोजलं. नऊ! सगलं जालून, सगलं खुडून, नऊच्या नऊ! मी काय करायचं व्हतं?"

"आन आमचं बियानं?"

"कांडून खाल्लं असंल त्यांनी."

पहिला दगड कुणी मारला हे कळलं नाही. दुसरा रतनच्या पाठीत बसला. ज्या तोंडांनी आठ दिवसांपूर्वी काळुरामचा गजर केला होता, तीच तोंडं आता काळुरामच्या आईबापांचा उद्धार करत होती. धोंडीबा आडवा पडला म्हणून तो वाचला.

*

दुपारी सगळा पाडा सगुणाच्या दारात आला. दार नव्हतं, ते बांधात पुरलं होतं. माणसं उंबऱ्याबाहेर घुटमळली. माफी मागायला कुणी आलं नव्हतं. तिच्याकडे बियाणं मागावं लागतंय या रागानंच सगळी आली होती.

"किती हाय तुज्याकडं बियानं?"

"सात टोपल्या."

"चालीस घरांना?"

"मी सत्तर कशाला ठेवू? तुमी माजं रासेत घेत नव्हता."

"दे मग."

"आधी माती."

"काय?"

"बांध. माज्या हद्दीचा, खुंटापासनं पानी सोडायच्या उघाडीपर्यंत. कमरंइतका चढवा. मग रास."

गर्दीत कुरकुर झाली. एक म्हातारी म्हणाली, "मानसं मरायला टेकल्यात आन ह्यी सौदा करतेय."

"तीन वर्सं मी मरायला टेकले व्हते, म्हातारे. तू पानवठ्यावरनं घागर उचलून जायचीस."

चार दिवस बांध चालला. कुणी हसलं नाही, कुणी गाणं म्हटलं नाही. ढेकळं हातोहात आली आणि हद्दीचा खुंट ओलांडून पुढे गेली. सगुणा बांधाच्या माथ्यावर उभी राहून पायानं दाबत होती. पैजेप्रमाणे काळुराम डोक्यावरून माती आणत होता. कुणी त्याला पाणी देत नव्हतं. दर खेपेला तो तिच्या पायाशी ढेकूळ असं आपटे की शिंतोडे तिच्या लुगड्यावर उडत. ती ते पुसत नव्हती. ढेकूळ नीट बसलं की पुढचं मागत होती.

पाचव्या दिवशी रास झाली. इतकी लहान रास देवीनं कधी पाहिली नसेल. सगुणाची टोपली पहिली पडली, आणि बाकीच्या सहाही तिच्याच होत्या. सगळ्या गावाचं पीक आता एका बाईच्या तीन खाचरांच्या पोटातून येणार होतं. धोंडीबानं सात वेळा फावडं फिरवलं, पण मिसळायला त्यात दुसरं काही नव्हतं. त्यानं शंभर दाणे मोजले. अठ्ठ्याऐंशी राते. आकडा त्यानं मोठ्यानं उच्चारला नाही, पण पानं सगळ्यांना दिसत होती: लाल पान ओसंडत होतं, पांढऱ्यावर बारा दाणे.

वाटणी ओंजळींनी झाली. बायका पदर पसरत, घेत, तिच्या तोंडाकडे न बघता जात. शेवटी काळुराम उरला. तो कुडाबाहेर उभा होता, दोन वर्षं जिथे सगुणा उभी राहिली होती साधारण तिथेच.

"त्याला नाय द्यायचं," लोक म्हणाले. "रासेतनं काढायचं त्याला."

"द्या," सगुणा म्हणाली.

"ह्याला? तुजं घर बुडवत व्हता ह्यो!"

"अजून बुडवील. पन गावान सगल्यात गोडी माती त्याची हाय. ह्ये बारा पांढरे वाढायचे तर त्याच्याच खाचरान वाढतील, माज्या नाय. त्याला काढलं तर तुमी जलमभर लालच खाल." ती थांबली. "मला तो नको हाय. त्याची माती पायजे."

तिनं स्वतः ओंजळ भरली आणि कुडाशी गेली. काळुरामनं उपरण्याचं टोक पसरलं. त्याच्या डोक्यावर चार दिवसांच्या चिखलाची खपली होती, डोळे लाल होते. दाणे उपरण्यात पडले.

"मी तुजं उपकार मानायचा नाय, वयनी," तो दातांतून म्हणाला. "ध्यानान ठेव. मेलू तरी मानायचा नाय."

"नको मानू," ती म्हणाली. "पेर."